सोलापुरात व्हायोलिनची वैयक्तिक शिकवणी: पैसे आणि वेळ दोन्ही सार्थकी लावण्यासाठी

व्हायोलिनला पडदे नसतात. पेटीवर पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो, सतारीवर पडदा निदान जागा तरी दाखवतो. इथे डाव्या हाताचं बोट दोन मिलिमीटर सरकलं की गंधार (ग) बिघडतो आणि उजव्या हातातला गज तिरका झाला की आवाज किरकिरतो. नव्या विद्यार्थ्याला या दोन्ही चुका आपल्या आपण कळत नाहीत, कारण कान अजून तयार नसतो आणि स्वतःचा गज वरून बघताना सरळच वाटतो. चुकीची पकड तीन-चार महिने अंगवळणी पडली की ती मोडायला त्याहून कितीतरी जास्त काळ जातो.

वैयक्तिक शिकवणीचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते एवढ्यासाठीच: जाणकाराचे डोळे आणि कान ठरावीक वेळ फक्त आपल्या हातांवर असावेत. तो वेळ तारा मिळवण्यात, रोझिन (गजाच्या केसांना घासायची राळेची वडी) शोधण्यात किंवा 'मागच्या वेळी काय दिलं होतं' हे आठवण्यात गेला तर बॅचमध्ये बसलेलं काय वाईट? पुढचं सगळं याच हिशोबानं लिहिलं आहे.

आधी शैली, मग शिक्षक

सोलापूर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांचं गाव. त्यामुळे 'मुलाला व्हायोलिन शिकवायचंय' असं म्हणणाऱ्या तीन घरांच्या मनात तीन वेगळी वादनं असू शकतात: ख्याल आणि नाट्यगीताच्या अंगानं जाणारं हिंदुस्थानी, कृती आणि वर्णम वाजवणारं कर्नाटक, किंवा कागदावरचं स्वरलेखन वाचून वाजवायचं पाश्चात्त्य. वाद्य तेच असलं तरी बाकी बरंच बदलतं.

हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकतं आणि दुसरं टोक डाव्या छातीशी. वाद्याचं वजन पायावर गेल्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येते. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटी आणि खांद्यामध्ये धरतात. तारांचंही तसंच. पाश्चात्त्य मिळवणी जाड तारेपासून जी, डी, ए, ई. कर्नाटक पद्धतीत सा-प-सा-प. हिंदुस्थानीत बरेच जण प-सा-प-सा ठेवतात, तर काही जण पाश्चात्त्य मिळवणीच कायम ठेवून डी तारेला षड्ज (सा) मानतात. मग तारा म-सा-प-रे अशा येतात.

सहा महिन्यांनी शैली बदलली तर बोटांच्या जागा आणि बसणं दोन्ही नव्यानं शिकावं लागतं. म्हणून नाव घालण्याआधी आठ-दहा दिवस घरात तिन्ही प्रकार ऐका. हिंदुस्थानीत पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार, डॉ. एन. राजम, कर्नाटकात लालगुडी जयरामन आणि टी. एन. कृष्णन. एम. एस. गोपालकृष्णन दोन्ही पद्धती वाजवत, ते तुलनेसाठी फार उपयोगी. हुतात्मा स्मृती मंदिरात तंतुवाद्याचा किंवा गायनाचा कार्यक्रम लागला तर मुलाला पुढच्या रांगेत बसवून ऐकवा. लहान मुलासाठी आमचा सल्ला सरळ आहे: घरात जे संगीत रोज कानावर पडतं तीच शैली निवडा. चाल ओळखीची असली की बोट कुठे चुकलं हे मुलाला लवकर कळतं.

क्लास बघायला गेल्यावर

पहिला प्रश्न: 'वैयक्तिक' म्हणजे नेमकं काय? काही ठिकाणी एका खोलीत चार मुलं वाजवत असतात आणि सर एकेकाजवळ पाच-सात मिनिटं थांबतात. त्यालाही 'पर्सनल' म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण मग फीदेखील बॅचचीच असायला हवी. तेव्हा स्पष्ट विचारा: 'पूर्ण अर्धा तास खोलीत फक्त आमचीच मुलगी असेल ना, सर?'

दुसरं, शिकवणार कोण? भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते, की त्यांचे ज्येष्ठ विद्यार्थी? ज्येष्ठ विद्यार्थी सुरुवातीला उत्तम शिकवू शकतो, पण महिन्यातून एकदा मुख्य शिक्षकांनी हात तपासला पाहिजे. पदवीबद्दल विचारताना विषयही विचारा. 'संगीत विशारद' गायनात असते, तबल्यात असते, व्हायोलिनमध्येही असते. गायनातला विशारद राग चांगला समजावेल, गजाची पकड सुधारू शकेलच असं नाही. आकाशवाणीचा श्रेणीप्राप्त वादक असेल तर वाजवण्याची खात्री असते. शिकवण्याची खात्री मात्र चाचणीच्या तासातच होते.

तो चाचणीचा तास पैसे देऊन का होईना, घ्याच, आणि कोपऱ्यात शांत बसून बघा. चांगले शिक्षक आधी मुलाचं वाद्य हातात घेतात, मापाचं आहे का बघतात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) सरळ करतात, तारा मिळवतात. स्वतःचं व्हायोलिन बाहेर काढून वाजवून दाखवतात. मुलाच्या सात चुका दिसल्या तरी एक किंवा दोनच सांगतात, त्या लगेच करून घेतात आणि जमेपर्यंत थांबतात. शेवटी घरी काय करायचं ते लिहून देतात. याउलट पूर्ण तास स्वतःच वाजवणारे, किंवा पहिल्याच दिवशी सिनेमातलं गाणं बसवून पालकांना खूश करणारे शिक्षक असतील तर दुसरीकडेही बघून या. पहिल्या दिवशीचं गाणं हे वाकडी पकड पक्की करण्याचा सगळ्यात जलद उपाय आहे.

वेळेचं म्हणाल तर सहा ते आठ वर्षांच्या मुलाला ३० मिनिटं पुरतात, नऊ ते चौदा वयाला ४५, मोठ्यांना ४५ ते ६०. सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून एकदा तासभर जाण्यापेक्षा दोनदा अर्धा तास जाणं केव्हाही चांगलं. चूक तीन दिवसांतच पकडली जाते, सात दिवस मुरत नाही. फी ठरवताना महिन्याची रक्कम मिनिटांनी भागून बघा. आठवड्याला एक अर्धा तास म्हणजे महिन्याला १२० मिनिटं, दोन म्हणजे २४०. पाचवा आठवडा आला तर काय, बुडालेला तास भरून मिळतो का, गड्ड्याच्या यात्रेच्या किंवा शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी असली तर फी कशी, हे आधीच बोलून घ्या. नंतर या विषयांवर बोलायला दोन्ही बाजूंना संकोच वाटतो.

वाद्य घेताना

शिक्षक ठरायच्या आधी वाद्य घेऊ नका. माप वयावरून नव्हे, हातावरून ठरतं. मुलाला डावा हात खांद्याच्या उंचीवर सरळ बाजूला पसरायला सांगा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण ५८ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ४/४, म्हणजे फुल साईज. ५६ च्या आसपास ३/४, ५१ च्या आसपास १/२, ४७ च्या आसपास १/४. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान घ्या. 'पुढे मोठा होईलच' म्हणून घेतलेलं मोठं व्हायोलिन मुलाचा खांदा वर उचलतं, मनगट आत वळवतं, आणि चौथं बोट जागेवर पोचतच नाही. मुलाची वाढ भरभर होत असेल तर क्लासकडे भाड्यानं किंवा जुनं वाद्य मिळतं का ते विचारा.

दुकानातून आलेलं नवं वाद्य बहुतेक वेळा वाजवण्याजोगं नसतं. घोडी फार उंच ठेवलेली असते. फिंगरबोर्डच्या (तारांखालची, बोटं दाबायची लांब पट्टी) टोकाशी तार आणि लाकूड यांतलं अंतर बारीक तारेखाली ३ ते ३.५ मिलिमीटर आणि जाड तारेखाली ५ ते ५.५ असावं. याहून खूप जास्त असेल तर मुलाची बोटं दुखतात आणि तार दाबताना ताणली जाऊन स्वर चढतो. मग घरचे म्हणतात, मुलाला कान नाही! घोडी वरच्या कडेनं किसून खाली आणता येते, पण ते काम जाणकाराचं. घोडीचे पाय पोटावरच्या दोन्ही एफ आकाराच्या छिद्रांच्या आतल्या खाचांच्या रेषेत असावेत, आणि टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडची) तिची बाजू पोटाला काटकोनात. तारा पुन्हापुन्हा चढवल्या की घोडी हळूहळू फिंगरबोर्डकडे झुकते. दर आठवड्याला बघा, झुकली असेल तर सरांना सरळ करायला सांगा. एकदा ती पडली तर आतला साउंड पोस्टही (दोन फळ्यांमधली आधाराची उभी काडी) पडू शकतो. तसं झालं, म्हणजे वाद्य हलवल्यावर आत काडी खुळखुळली, तर सगळ्या तारा ढिल्या करा आणि वाजवू नका. त्या काडीचा आधार नसताना तारांचा ताण राहिला तर वरची फळी बसते किंवा तडकते.

दुरुस्तीसाठी मिरजेचं नाव सोलापुरात सहज निघतं. मिरजेची सतार आणि तानपुरा नामांकित आहेच, पण तुंब्याच्या वाद्याचा कारागीर साउंड पोस्ट बसवतोच असं नाही. आधी फोनवर विचारून मगच वाद्य न्या. कोल्हापूर-पुण्याचा पर्यायही शिक्षकांना विचारा.

खोलीत शिरण्याआधी

तासाच्या वेळेआधी दहा मिनिटं पोचा आणि ही तयारी बाहेरच उरका.

गज कसून घ्या: केस आणि काडी यांच्यात मधोमध पेन्सिलीइतकी फट हवी. काडी सरळ किंवा बाहेर वाकलेली दिसली तर जास्त ताणलंय. रोझिन नव्या गजाला ३०-४० फेरे, नंतर रोज चार-पाच फेरे पुरे. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते, ती आधी बारीक पॉलिश पेपरनं जरा खरवडा, नाहीतर कितीही घासली तरी केसाला काही लागत नाही. केसांना बोट लावू नका. हाताचं तेल लागलेल्या जागी गज घसरतो आणि तिथे स्वर नीट उमटत नाही. वाजवून झालं की गज ढिला करून ठेवा, तारांखालची पांढरी भुकटी कोरड्या सुती कापडानं पुसा. नवा टॉवेल नको, त्याचे धागे घोडीत अडकतात. जुन्या धोतराचा मऊ तुकडा सगळ्यात चांगला.

तारा मिळवायला शिकणं हे पहिल्या तीन महिन्यांचंच काम आहे. अर्ध्या स्वराच्या आतला फरक टेलपीसवरच्या बारीक स्क्रूनं काढा, खुंटीला हात लावू नका. खुंटी फिरवायची वेळ आलीच तर आधी थोडी खाली उतरवा, मग वर चढवताना आत दाबत फिरवा. नुसती फिरवली की ती सुटते. हिंदुस्थानी प-सा-प-सा मिळवणीत सा पेटीच्या काळी एकवर धरला, तर जी तार अर्धा स्वर वर, डी आणि ए अर्धा स्वर खाली आणि ई दीड स्वर खाली जाते. पांढरी दोनला सा धरला तर जी तार पूर्ण एक स्वर वर न्यावी लागते. हे पहिल्यांदा शिक्षकांसमोरच करा. मोबाईलच्या ट्यूनरवर (सूर मोजणारं ॲप) अक्षर बरोबर आणि सप्तक चुकीचं, हा तार तुटण्याचा नेहमीचा प्रकार. ट्यूनर अक्षरापुढे आकडाही दाखवतो. पाश्चात्त्य मिळवणीत तो जी ३, डी ४, ए ४, ई ५ असा यायला हवा. चढवताना चेहरा तारेपासून लांब ठेवा.

पहिल्या तीन महिन्यांत काय व्हावं

पहिले दोन आठवडे डाव्या हाताला कामच नसावं. फक्त मोकळ्या तारा, म्हणजे बोट न दाबता, आणि गज. अंगठा वाकलेला, करंगळी काडीवर वळून टेकलेली, मधली दोन बोटं काडीवर सैल ओघळलेली, तर्जनी बाजूनं. गज घोडी आणि फिंगरबोर्डचं टोक यांच्या मधोमध, घोडीला समांतर. आधी गजाचा मधला भागच वापरायचा, मग हळूहळू टोकापर्यंत. ठोका मिनिटाला ६० ठेवून आठ मात्रा खाली, आठ मात्रा वर. तीन महिन्यांत हे बारा मात्रांपर्यंत जावं. कंटाळवाणं वाटतं, पण पुढे आलापात लागणारा श्वास इथेच तयार होतो.

आवाज बिघडला की कारण जवळपास नेहमी गजात असतं. किर्र आवाज येत असेल तर दाब जास्त आणि वेग कमी, किंवा गज घोडीवर चढलाय. फुसफुस, हवेचा आवाज येत असेल तर गज फिंगरबोर्डकडे सरकलाय किंवा रोझिन कमी आहे. दोन तारा एकदम वाजतात तेव्हा उजवं कोपर त्या तारेच्या पातळीला नसतं. प्रत्येक तारेला कोपराची वेगळी उंची असते, हे मुलाला चारही तारांवर हात फिरवून दाखवावं लागतं. मध्यावर गज थरथरतो तेव्हा अंगठा ताठ झालेला असतो. बारीक तार शिट्टी मारते तेव्हा बहुधा शेजारचं बोट तिला चिकटलेलं असतं. घरी आरसा ठेवून उजव्या बाजूनं बघितलं तर यातल्या निम्म्या चुका विद्यार्थ्याला स्वतःला दिसतात. बाकीच्या निम्म्यांसाठी सर आहेत.

तिसऱ्या आठवड्यापासून बोटं. काही शिक्षक फिंगरबोर्डवर बारीक पट्ट्या चिकटवतात, काही अजिबात चिकटवू देत नाहीत. पट्टी बघून वाजवायची सवय लागते, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिले चार-सहा महिने पट्टी असावी असं आम्हाला वाटतं. ती अंदाजानं नको, मोजून लावा. नटपासून (फिंगरबोर्डच्या खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेची लांबी मोजा. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे त्या लांबीच्या नवव्या भागावर येतो, शुद्ध ग पाचव्या, शुद्ध म चौथ्या आणि प तिसऱ्या भागावर. फुल साईजला लांबी साधारण ३२५ मिलिमीटर असते, म्हणजे नटपासून रे ३६, ग ६५, म ८१ आणि प १०८ मिलिमीटरवर. लहान वाद्यासाठी त्याची लांबी मोजून याच भागांनी काढा. मग तानपुऱ्याशी मिळवून केसभर इकडेतिकडे करा, कारण दाबल्यावर तार जराशी ताणली जाते.

इथे ट्यूनर वापरणाऱ्यांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. मोबाईलचा ट्यूनर पेटीसारख्या समान अंतरांच्या स्वरांवर चालतो. त्याचा ग सापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यात मिसळणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो, म्हणजे ट्यूनरवर तो १४ सेंट 'उतरलेला' दिसतो. मूल कानानं अचूक वाजवत असतं, काटा चूक दाखवतो आणि पालक म्हणतात बोट वर सरकव. पाश्चात्त्य पद्धतीत पियानोबरोबर वाजवायचं असेल तर ३२५ मिलिमीटरच्या तारेवर तोच ग ६७ मिलिमीटरवर जातो. फरक दोनच मिलिमीटरचा, पण ऐकू येतो. म्हणून ट्यूनर मोकळ्या तारा मिळवण्यापुरता ठेवा. बोटांची तपासणी तानपुऱ्याच्या ॲपवर, सा सरांनी सांगितलेल्या सुरात लावून करा.

प-सा-प-सा मिळवणीत पहिला राग म्हणून भूप फार सोयीचा पडतो. सा तार मोकळी, रे पहिलं बोट, ग दुसरं, प पुढची तार मोकळी, ध पहिलं बोट, आणि वरचा सा शेवटची तार मोकळी. दोनच बोटांत पूर्ण आरोह, आणि दर दोन-तीन स्वरांनी मोकळी तार येऊन सूर तपासून देते. त्यानंतर दुर्गा घेतला की ग च्या जागी म येतो आणि तिसरं बोट कामाला लागतं. शिक्षकांनी दुसरा क्रम धरला असेल तर त्यांचाच पाळा. पण पहिल्या महिन्यातच कोमल-तीव्र स्वरांचा राग आला तर कारण नम्रपणे विचारायला हरकत नाही.

डाव्या हाताच्या दोनच गोष्टी घरी रोज बघा. मनगट वाद्याच्या मानेला टेकलंय का, आणि अंगठा मान आवळून धरतोय का. दोन्हीपैकी काही असेल तर मींड घेताना हात सरकणारच नाही. डाव्या हाताची नखं दर रविवारी कापा.

उरलेले दिवस

तास म्हणजे रियाज नव्हे. तासात चूक सापडते, घरी ती निघते. सात-आठ वर्षांच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं, मोठ्या मुलांना रोज ४० मिनिटं, नोकरदारांना पाऊण तास पुरे. त्यातला पहिला तिसरा हिस्सा मोकळ्या तारा, दुसरा अलंकार (सरावासाठीच्या ठरावीक स्वररचना), तिसरा चालू राग किंवा धून. नवीन गोष्ट शेवटी, हात गरम झाल्यावर.

तासाच्या शेवटी सरांची परवानगी घेऊन, त्या आठवड्याचा गृहपाठ त्यांच्याकडून वाजवून घेऊन दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. वहीत 'अलंकार केला' असं नको. 'दुसरा अलंकार, एका गजात चार स्वर, ठोका ६०, ग वर लक्ष' इतकं नेमकं लिहा. पुढच्या वेळी सर ती ओळ वाचून थेट तिथूनच सुरुवात करतात. पालकांनी पहिले दोन-तीन महिने तासाला बसावं, पण मध्ये बोलू नये. सूर कळत नसेल तर घरी सुरावर शेरा मारू नका. गज सरळ आहे का आणि खांदा वर गेलाय का, एवढं कोणीही बघू शकतं.

यंत्रमागाच्या खटखटाटात रियाज करावा लागत असेल तर त्या वेळा टाळा. गोंगाटात मूल नकळत गज दाबून वाजवायला लागतं आणि तो दाब शांत खोलीतही तसाच राहतो. पहाटेचा वेळ सगळ्यात उत्तम.

सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. लाकूड आटतं, खुंट्या सुटतात, रात्रीतून चारही तारा उतरून घोडी आडवी झालेली सापडते. पावसाळ्यात उलट: खुंट्या फुगून अडकतात. अडकलेली खुंटी पक्कडनं फिरवू नका, डोकं तुटतं. सुटणाऱ्या खुंटीला खडूची किंचित भुकटी आणि अडकणाऱ्या खुंटीला कोरड्या साबणाचा हलका हात, हा जुना आणि चालणारा उपाय.

उन्हात उभ्या मोटारीत व्हायोलिन पाच मिनिटंही सोडू नका. रोझिन वितळतं, पॉलिश मऊ होऊन त्यावर व्हायोलिन ठेवायच्या पेटीच्या कापडाचा ठसा उठतो, आणि ज्या सरसानं फळ्या जोडलेल्या असतात तो सुटून कडा उघडते. उघडलेली कड फेव्हिकॉलनं चिकटवू नका. सरस पुढच्या दुरुस्तीला सोडवता येतो, फेव्हिकॉल सोडवताना लाकूडच निघतं. घरात वाद्य पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. कूलरच्या झोतात रियाजही नको: दुपारी दमट वारा आणि रात्री कोरडी हवा, या उलटसुलट फरकानं खुंट्या आणि गजाचे केस दोन्ही बिघडतात. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, पेटी बंद, ही जागा योग्य. दुचाकीवर नेताना कडक पेटी पाठीला पट्ट्यानं बांधा. पाय ठेवायच्या जागेत उभी केली तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट घोडीला बसतो. तास सकाळी साताला किंवा संध्याकाळी सहानंतर मागून घ्या.

ऑनलाइन आणि पुण्याचे सर

सोलापुरातून पुण्याच्या शिक्षकांकडे ऑनलाइन शिकणारे बरेच आहेत. हे पहिल्या सहा महिन्यांत नको. पडद्यावरून अंगठा वाकवून देता येत नाही. पकड पक्की झाल्यावर मात्र चालतं. मोबाईल उजव्या बाजूला तिरका, चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवा, म्हणजे कोपर आणि गजाचं टोक दोन्ही दिसतात. झूम वापरत असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. एरवी ते लांब स्वराला गोंगाट समजून कापून टाकतं. आवाज उशिरा पोचत असल्यामुळे दोघांनी एकदम वाजवायचा प्रयत्न करू नका, आळीपाळीनं वाजवा. सोलापुरात दर आठवड्याला आणि पुण्यात महिन्यातून एकदा असं शिकायचं असेल तर दोन्ही शिक्षकांना एकमेकांबद्दल सांगा, आणि मिळवणी व बैठक दोघांची एकच आहे याची खात्री करा. लपवून दोन गुरू केले की विद्यार्थी दोन्हीकडे अडखळतो.

परीक्षा आणि पुढे

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद यांच्या प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण, अशा विशारदपर्यंत सात पायऱ्या. पाश्चात्त्य शिकणाऱ्यांसाठी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड १ ते ८. परीक्षेनं रियाजाला शिस्त लागते, पण तारीख जवळ आली की तास फक्त परीक्षेचे राग घोटण्यात जातो आणि गजाकडे कोणी बघत नाही. फॉर्म भरण्याआधी सरांशी ठरवून घ्या की तासातली पहिली दहा मिनिटं काही झालं तरी मोकळ्या तारांचीच राहतील. शाळेची दहावी-बारावी त्याच वर्षी असेल तर परीक्षा पुढे ढकला, तास मात्र बंद करू नका. पंधरा दिवसांतून एक केला तरी हात टिकतो.

सहा महिन्यांनी एकदा पहिल्या महिन्याचं रेकॉर्डिंग आणि आताचं लागोपाठ ऐका. लांब गज स्थिर झालाय, मोकळ्या तारा मूल स्वतः मिळवतंय आणि चुकलेला स्वर त्याचा त्याला कळून बोट सरकतंय, या तीन गोष्टी दिसल्या तर शिकवणी बरोबर चालली आहे, मग गाणी दोनच बसलेली का असेनात. गाणी वीस झाली आणि यातलं एकही नाही, तर सरांशी मोकळेपणानं बोला. त्यानंतर दोन महिन्यांतही फरक पडला नाही तर शिक्षक बदला, आणि जाताना पाया पडून, फी पूर्ण चुकती करून जा. संगीताचं वर्तुळ छोटं असतं.

रोज वाजणाऱ्या व्हायोलिनच्या तारा आठ ते बारा महिन्यांत मरतात: स्वर जागेवर असूनही आवाज बोथट येतो, बोटाखाली तारेचं वेष्टण उसवलेलं लागतं. बदलताना एकेक तार बदला. आधीची पूर्ण स्वरात चढवल्याशिवाय पुढची उतरवू नका, नाहीतर ताण जाऊन घोडी आणि साउंड पोस्ट दोन्ही पडतील. नवी तार चढवण्याआधी नटच्या आणि घोडीच्या खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, तार अडकत नाही. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात, म्हणून त्या तासाच्या किंवा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नव्हे, निदान चार दिवस आधी बदला.